शेवटच्या फेरीतला लेले

नाडकर्णी, गेल्या शुक्रवारी ड्राफ्ट झाला. तुमच्याच डायनिंग टेबलावर झाला, कारण दुसरीकडे कुठे करायचा हे कुणालाच सुचलं नाही. वहिनींनी दुबईतला कुसैसचा फ्लॅट महिनाअखेरपर्यंत ठेवला आहे. भांडी खोक्यांत गेली आहेत, भिंतीवरचं घड्याळ उतरलं आहे, पण टेबल आणि चार खुर्च्या त्यांनी हलवू दिल्या नाहीत. सामान न्यायला आलेल्या माणसाला म्हणाल्या, "ये टेबल फ्रायडे के बाद. फ्रायडे को साहब का काम है."

तुमची टीम मी निवडली. बावीस फेऱ्या, बावीस खेळाडू. कोण मिळाले, हे तुम्हाला लगेच हवं असणार, पण मी सावकाशच सांगणार आहे. नव्वद सेकंदांतले अठ्ठ्याऐंशी घेणारा माणूस म्हणून तुम्ही मला इतकी वर्षं नावं ठेवलीत. आता घाई करून काय मिळणार?

तुमच्या शोकसभेत मंडळातल्या एका गृहस्थांनी मला हळूच विचारलं, "नाडकर्णी बेसबॉल खेळायचे?" मी म्हटलं, नाही. त्यांनी बेसबॉलचा चेंडू कधी हातातही धरला नव्हता. मग तुमच्याच शब्दांत समजावून सांगितलं. अमेरिकेत खरे खेळाडू खरे सामने खेळतात. आपण दहा जण इथे बसून त्या खेळाडूंच्या दहा कागदी टीम करतो. ज्याच्या टीममधले खेळाडू तिकडे चांगले खेळले, त्याला इकडे गुण. दर मार्चमध्ये सीझन सुरू होण्याआधी एक दिवस सगळ्यांनी आळीपाळीने खेळाडू निवडायचे, तो ड्राफ्ट. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला नाही, आणि प्रत्येक निवडीला फक्त नव्वद सेकंद. पहिल्या फेरीत जो पहिला, तो दुसऱ्या फेरीत शेवटचा, असं सापासारखं वळत जायचं. गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग यात मिळतं काय?" नाडकर्णी, मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. तुम्ही उत्तर दिलं असतंत. "शुक्रवार," म्हणाला असतात.

सुरुवात गॉर्डनने केली होती, हे आता कुणाला आठवतही नसेल. जबल अलीतल्या आपल्या वेअरहाउसचा तो ऑपरेशन्स मॅनेजर, ह्यूस्टनचा. दोन हजार आठच्या सुरुवातीला त्याने ऑफिसात दहा नावांचा कागद लावला आणि आठ नावांवर गाडी अडली. तुम्ही कस्टम्सच्या कागदांचे प्रमुख, मी तुमच्या हाताखाली डॉक्युमेंटेशनला. तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिलात.

"पंत, बेसबॉल कळतं?"

"नाही."

"मलाही नाही. म्हणजे आपण दोघे एका पातळीवर. लिहू नावं?"

मी पुस्तकातून मान वर केली नव्हती. तुम्ही लिहून मोकळे झालात. "पंत" हे नावही तुम्हीच पाडलेलं, डबा खाताना वाचतो म्हणून. पुढे गॉर्डनलाही माझं तेच नाव खरं वाटायचं.

त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये तुम्ही क्रिकेटचं डोकं घेऊन गेलात. फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा तो कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक, हे तुम्हाला कळलं आणि तुम्ही ठरवलं की फलंदाजी करणारा यष्टिरक्षक म्हणजे सोनं. पहिल्या फेरीत कॅचर घेतलात. चौथ्या फेरीत दुसरा. नवव्या फेरीत तिसरा घेतलात तेव्हा गॉर्डन खुर्चीवरून उठून आला आणि त्याने अगदी हळू आवाजात विचारलं की मिस्टर नाडकर्णी, एका वेळी एकच कॅचर खेळतो हे तुम्हाला माहीत आहे ना? तुम्ही म्हणालात, "आय नो. बट व्हॉट इफ ही गेट्स फीवर?"

आपण त्या वर्षी शेवटचे आलो. तुम्ही दहावे, मी नववा. तुम्ही टीमचं नाव "आधी जेवण" ठेवलं होतंत, इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला दोन ए. गुण सगळ्यांचे शून्य असतात तेव्हा कॉम्प्युटर नावं अक्षरांप्रमाणे लावतो. "निदान पहिल्या दिवशी तरी आपण वर," असं तुमचं म्हणणं. सहा सीझन तुम्ही पहिल्या दिवशी वर होतात.

मला त्या खेळाची गोडी लागली ती तयारीमुळे. जानेवारी लागला की दर शुक्रवारी सकाळी मी तुमच्याकडे. टेबलावर प्रिंटआउट, वहिनींचं थालीपीठ, आणि तुमच्या तीन रंगांच्या पेन्सिली. खेळाडूंची नावं आपल्या तोंडात बसत नव्हती, म्हणून तुम्ही त्यांना आपली नावं दिलीत. तो दांडगा होमरनवाला, म्हणजे आपला षटकारवाला, पैलवान झाला. बेसला चिकटून राहणारा चपळ शॉर्टस्टॉप, म्हणजे जवळचा क्षेत्ररक्षक, चिकटे झाला. आणि तो लांबोडका पिचर, चेंडू फेकणारा, जो प्रत्येक फोटोत टोपी काढून कपाळ पुसताना दिसायचा, तो लेले. तुमच्या पार्ल्याच्या बँकेत पासबुक भरून देणारे लेले अगदी तसेच कपाळ पुसायचे म्हणे. वर्षभरात लीगमधले सगळेच ही नावं वापरायला लागले. गॉर्डन ईमेलमध्ये लेलेचं स्पेलिंग बरोबर लिहायचा.

आपण सामने जवळजवळ पाहिलेच नाहीत. आकड्यांवरून माणसं ओळखायची, न पाहिलेल्या गावाबद्दल वाचावं तसं. मला ते आवडायचं. तुम्हाला त्या आकड्यांत माणूसच जास्त दिसायचा. "याने गेल्या मेमध्ये एकदम खराब खेळ केलाय. घरी काहीतरी असणार," असं तुम्ही म्हणायचात आणि त्याला लाल पेन्सिलीऐवजी निळी लावायचात. निळी म्हणजे थांबून बघू.

मग ते मंदीचं वर्ष आलं. कंपनीच्या बसमध्ये आधी एक सीट रिकामी दिसली, मग रांगच. कंटेनर येणं कमी झालं, आणि दर रविवारी एखाद्या टेबलावर फक्त स्टेपलर उरलेला असायचा. फेब्रुवारीत गॉर्डन गेला. मार्चच्या ड्राफ्टपर्यंत दहातले चौघे देश सोडून गेले होते. मी म्हटलं, लीग बंद करू, किंवा त्यांच्या टीम कॉम्प्युटरवर सोडू. घड्याळ संपलं की तो आपोआप निवडतोच.

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी त्यांच्या घरातलं सामान रस्त्यावर ठेवायला सांगितलं.

"पंत, कॉम्प्युटरने आधीच निवडलंय ना कोण राहणार ते. एका वर्षात दोनदा नको."

आणि तुम्ही नियम केलात. देश सोडून गेला म्हणून कुणाची टीम जात नाही. तो परत लॉगइन करेपर्यंत आपण त्याच्यासाठी निवडायचं. आणि निवडायचं ते त्याने निवडलं असतं तसं, आपल्याला वाटतं तसं नाही. चौघांसाठी तुम्ही चार पानं लिहिलीत. कोण कशाला भुलतो, कोण कधी घाबरतो. त्या शुक्रवारी टेबलावर आपल्या दोघांच्या लॅपटॉपशिवाय आणखी चार होते. दोन तुमच्याकडे, एक माझ्याकडे, एक वहिनींकडे. वहिनी चष्मा लावून वाचत होत्या, "हे बेनीचं पान. 'डावखुरा दिसला की घेणार.' अहो, यात डावखुरा कोण ते लिहा ना शेजारी."

पहिल्या फेरीत गॉर्डनची पाळी तुमच्या लगेच आधी आली. पैलवान शिल्लक होता. तुम्ही तीन महिने त्याच्याभोवती हिरवी पेन्सिल फिरवली होतीत. तुम्ही गॉर्डनच्या लॅपटॉपवरून पैलवान गॉर्डनला दिलात.

मी वैतागलो. "अहो, तो बघायलासुद्धा येणार नाही."

"पण त्याने घेतला असता ना?"

"घेतला असता."

"मग झालं. तुमचा लॅपटॉप बघा, बारा सेकंद उरलेत."

गॉर्डन महिन्याभराने लॉगइन झाला. ह्यूस्टनमध्ये त्याला अजून काम नव्हतं, आणि आपल्या टीमचं काय झालं असेल म्हणून त्याने सहज उघडून पाहिलं, तर टीम तिसरी होती. त्याने आपल्याला एका ओळीचं पत्र पाठवलं, की पैलवान मला कुणी दिला? तुम्ही उत्तर पाठवलंत, "तुम्ही स्वतःच घेतला." आपल्या अबूधाबीच्या ऑफिसातून केरळला गेलेला बेनीही परत आला, पुढे फुजैरात नोकरी लागल्यावर प्रत्यक्षही आला.

माझी पाळी जूनमध्ये आली. देश सोडायला तीस दिवसांची मुदत होती. शुभा शाळेच्या दाखल्यासाठी धावत होती, रेवा आठ वर्षांची, तिला वाटत होतं आपण सुट्टीला चाललो. तुम्ही दुपारी खोकी घेऊन आलात. पुस्तकांना टेप लावता लावता तुम्ही विचारलंत, "पंत, चिकटेचा गुडघा दुखतोय. बसवायचा का ठेवायचा?"

मी म्हटलं, "नाडकर्णी, माझी नोकरी गेलीय. त्यालाही घरी पाठवा."

तुम्ही खोक्यावर स्केचपेनने "पुस्तकं, जड" लिहिलंत आणि उचललंत. इतक्या वर्षांत मी त्या वाक्याबद्दल माफी मागितली नाही, आणि तुम्ही चिकटेला घरी पाठवला नाहीत.

पुण्यात चौदा महिने काढले. दर शुक्रवारी तुमचं पत्र यायचं. तीन ओळींचं. "तुमची टीम चौथी. चिकटेला बसवला, गुडघा अजून दुखतोय. हरकत असल्यास कळवा." पुढच्या शुक्रवारी, "तुमची टीम पाचवी. चिकटे परत उभा. हरकत असल्यास कळवा." नोकरीचं कसं काय, मुलाखत झाली का, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. मला लाज वाटायची. सकाळी तयार होऊन कुठेही न जाणाऱ्या माणसाची कुणीतरी कुठेतरी टीम सांभाळतंय, याचीसुद्धा.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. शुक्रवार दुपार झाली की मी कॉम्प्युटरपाशी जाऊन बसायचो. वडील पेपरातून डोकं काढून म्हणायचे, "आलं का तुमचं दुबईचं पत्र?" आणि आलेलं असायचं. आठवड्यातून एकदा मला कुणीतरी विचारत होतं की काय करायचं. बाकी कुणी विचारत नव्हतं. सगळे सांगत होते.

परत आलो तो अबूधाबीजवळ मुसफ्फातल्या फॅब्रिकेशनच्या कंपनीत. पहिल्याच शुक्रवारी तुमच्याकडे आलो तर टेबलावर माझी टीम छापून ठेवलेली. सहावी होती. वरपासून वाचत गेलो आणि शेवटच्या ओळीवर थांबलो.

"लेले? नाडकर्णी, त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालंय. मार्चमध्ये तुम्ही मला आजारी पिचर घेतलात?"

"तुम्ही घेतला असतात."

"मी कशाला घेईन? जागा अडवून बसलाय. एक दिवस खेळलेला नाही."

"रजेवर आहे. काढून टाकलेलं नाही."

"तुम्हाला आवडतो म्हणून घेतलात."

"मला आवडतो, म्हणून तर मला हवा होता. तुमची पाळी आधी होती. तुम्ही घेतला असतात."

"घेतला नसता."

वहिनी आतून म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तरी भांडू नका. चहा टाकलाय."

मी तिथल्या तिथे, तुमच्यासमोर, लेलेला माझ्या टीममधून काढला. का, तर माझं ऐकलं पाहिजे म्हणून. तुम्ही चहाचा कप ठेवलात, आपला लॅपटॉप ओढलात आणि त्याला आपल्या टीममध्ये घेतलंत. त्यानंतर दर ड्राफ्टमध्ये तुम्ही शेवटच्या फेरीत लेलेला घ्यायचात, बरा असो की नसो, आणि घेताना माझ्याकडे बघायचात. "घेतला असतात," तुम्ही म्हणायचात. "नसता," मी म्हणायचो. लीगमध्ये तो विनोदच झाला. बेनी फुजैराहून फोनवर विचारायचा, "पंतजी, लेले का केस सुप्रीम कोर्ट तक गया क्या?"

यंदा जानेवारीतही आपण यावरच होतो. लेले अडतिसाचा झाला होता, कोपराचं दुसरं ऑपरेशन, जूनच्या आधी येत नाही. मी म्हटलं, आता तरी सोडा त्याला. तुम्ही त्याच्या नावाला निळी पेन्सिल लावलीत. तीन शुक्रवारांनी तुम्ही नव्हतात.

वहिनी तुम्हाला घेऊन पार्ल्याला गेल्या आणि पंधरा दिवसांनी आवराआवर करायला परत आल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी तुमची निळी फाईल माझ्यापुढे ठेवली. "हे तुमच्याकडे असू दे. मला यातलं फक्त बेनीचं पान कळतं."

मी तोवर सगळ्यांना लिहिलं होतं की नाडकर्णींच्या टीमचं काय करायचं, यावर मत द्या. बेनीने फोनच केला. चिडला होता. "वोटिंग किसलिए, पंतजी? आदमी देश छोड़के गया, इतना ही ना? रूल है."

नियम होता. म्हणजे पान हवं होतं. फाईल उघडली, तर आत नऊ पानं. चार जण गेले त्या वर्षी तुम्ही सुरू केलंत आणि मग कधी थांबलाच नाहीत. दर जानेवारीत नऊ जणांची नवी पानं, सगळ्यांवर एकच मथळा, "गैरहजर राहिल्यास". माझं पान असं होतं:

"पंत. पहिल्या तीन फेऱ्या पुस्तकाप्रमाणे. सातव्या फेरीत घाबरून पिचर घेणार, घेऊ द्यावा. नव्या पोरांवर विश्वास नाही. चिकटे कितीही उशिरा, मागच्या दाराने आला तरी घेणार. अठ्ठ्याऐंशी सेकंद लावावेत, नाहीतर त्यांची टीम वाटणार नाही. शेवटच्या फेरीत लेले. घेणार. कबूल करणार नाहीत."

मी ते पान परत फाईलमध्ये ठेवलं आणि बराच वेळ वहिनींशी थालीपीठाच्या भाजणीबद्दल बोललो.

फाईलमध्ये दहावं पान नव्हतं. तुम्ही स्वतःचं लिहिलंच नव्हतंत. नऊ जण कधीही गैरहजर राहू शकतात, आपण नाही, अशी तुमची समजूत असावी. म्हणून मी ते लिहायला बसलो. तुमच्याच मथळ्याखाली "नाडकर्णी" लिहिलं आणि अडलो. खरं सांगतो, मला भीती वाटली. खेळात हरण्याची नाही. तुम्ही माझं पान चार ओळींत लिहिलंत आणि मला तुमचं येईना, याची. इतके शुक्रवार समोर बसलो, आणि मी माझ्याच कागदात बघत असलो तर?

रेवा आली. आता तेरा वर्षांची आहे, माझ्याशी मराठीत बोलते ते फक्त पैसे हवे असले की. तिने खांद्यावरून वाचलं.

"बाबा, यू हॅव रिटन हिज स्टॅटिस्टिक्स. दॅट्स नॉट हिम."

"मग काय लिहू?"

"काका ऑलवेज पिक्ड द गाय एव्हरीवन वॉज मीन टू."

मी ते लिहून घेतलं. पहिली ओळ ती. मग हळूहळू बाकीचं आलं. घरी काहीतरी असणार अशा माणसांना संधी. पैलवानाची पाळी दुसऱ्याची असेल तर पैलवान दुसऱ्याला. पाच सेकंदांत निवडणार आणि मग आपणच बरोबर म्हणून आजूबाजूला बघणार. शेवटच्या फेरीत लेले. आठ दिवसांत पान भरलं. मला ते बऱ्यापैकी वाटलं.

ड्राफ्ट सकाळी साडेसातला. ह्यूस्टनमध्ये तेव्हा गुरुवार संपलेला नसतो, म्हणून ही वेळ तुम्हीच ठरवलेली. वहिनींनी खोक्यातून तवा परत काढला होता. एका लॅपटॉपवर मी, दुसऱ्यावर तुमची टीम. क्रम आदल्या दिवशी रेवाने चिठ्ठ्या टाकून काढला. तुमचा पहिला, माझा दुसरा. म्हणजे सापाच्या चालीत शेवटच्या फेरीत माझी पाळी उपांत्य आणि संपूर्ण ड्राफ्टमधला शेवटचा खेळाडू तुमचा.

पहिल्याच निवडीत तुमच्यासाठी पैलवान घेतला. पाच वर्षं तो कुणाकुणाला देत आलात, एकदा तुमच्याकडे असू दे. पाच सेकंदांत घेतला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. सातव्या फेरीत मी घाबरून पिचर घेतला. चिकटे माझ्याकडे मागच्या दारानेच आला.

बाराव्या फेरीच्या सुमाराला मला एक गोष्ट जाणवली. लेले अजून शिल्लक होता. जूनमध्ये येणार असला तरी पंधराव्या फेरीत कुणीतरी उचलावा इतका तो अजून चांगला होता. पंधरावी गेली. सोळावी, सतरावी. गॉर्डनला पिचर हवे होते, त्याने लेलेच्या खालचा घेतला. बेनीने त्याच्याही खालचा घेतला. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, मी विचारून खात्री केली आहे. आठ जण आपापल्या देशांत आपापल्या टेबलांवर बसून त्याला बाजूने ओलांडून जात होते, घरातल्या कुणाच्या तरी जेवणाच्या ताटाला ओलांडून जावं तसे. तुमच्यासाठी ठेवत होते.

बाविसावी फेरी. आठ जणांचं झालं. माझं घड्याळ सुरू झालं.

इथे मला तुम्हाला ते सांगायचं आहे, ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे. तुम्ही पुण्याच्या माझ्या घरी कधी आला नाहीत. तिथे मार्चमधल्या त्या शुक्रवारी, तुम्ही इकडे माझ्यासाठी निवडत होतात तेव्हा, मी लॉगइन केलं नव्हतं, पण सकाळी साडेसातला, तुमच्या घड्याळाप्रमाणे, टेबलाशी बसलो होतो. वडिलांच्या वीजबिलाच्या मागे मी माझी टीम लिहिली होती. बावीस नावं. शेवटचं नाव लेले. तो कागद मी टाकला नाही. अजून आहे.

घेतला असता, नाडकर्णी. तुम्ही बरोबर होतात.

चार वर्षं खोटं बोललो, कारण खरं सांगितलं असतं तर त्याबरोबर बाकीचंही सांगावं लागलं असतं. मी सगळ्यांपासून तोंड लपवून बसलो होतो तेव्हा कुणीतरी माझा इतका बरोबर विचार करत होतं, हे मला सोसवलं नव्हतं. माणसाला त्याचं चुकलेलं गणित कुणी दाखवलं तर चालतं. त्याचं बरोबर आलेलं उत्तर दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेलं दिसलं की अवघड होतं.

चाळीस सेकंद. वहिनी म्हणाल्या, "पंत भावजी, तुमची वेळ चाललीय. ते शेवटचं यांचं आहे ना?"

मी माझं लिहिलेलं तुमचं पान पाहिलं. "शेवटच्या फेरीत लेले." आणि दिसलं की ती ओळ चुकली आहे. माझी पाळी आधी असताना, मी घेतला असता हे माहीत असताना, तुम्ही लेलेला स्वतःसाठी कधीच ठेवला नसतात. एकदा ठेवलाही नव्हतात.

अठ्ठ्याऐंशी सेकंदांनी मी लेलेला माझ्या टीममध्ये घेतलं.

गप्पांच्या चौकटीत सगळे एकदम बोलायला लागले. गॉर्डनने लिहिलं, पंत, तो त्याचा होता. आम्ही तो त्याच्यासाठी ठेवला होता. बेनीने फक्त माझं नाव आणि तीन प्रश्नचिन्हं टाकली. मी एक शब्द लिहिला, "कबूल." गॉर्डनला मराठी येत नाही, म्हणून रेवाने माझ्या हातातून कीबोर्ड घेऊन खाली इंग्रजीत लिहिलं, की बाबा केस हरले.

तेवढ्यात तुमचं घड्याळ चालू झालं होतं. आता काय घ्यायचं हे पानावर नव्हतं. वहिनी, रेवा आणि मी यादीकडे बघत बसलो. तुमच्याकडे सगळं होतं, पिचर पुरेसे, पैलवान होता, दोन कॅचर होते.

"दोन का घेतलेत?" वहिनींनी विचारलं.

"एकाला ताप आला तर," मी म्हटलं.

वहिनी हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्याने, तव्यावरचं उलटायचं विसरून. म्हणाल्या, "मग दुसऱ्यालाही ताप आला तर?"

तुमच्यासाठी तिसरा कॅचर घेतला. पाच सेकंद उरले होते.

चौकटीत गॉर्डनने लिहिलं, हो, हा तोच आहे. बाकी कुणी असा ड्राफ्ट करत नाही. बेनीने लिहिलं, वेलकम बॅक, सर.

थालीपीठ थोडं करपलं, पण सगळ्यांनी खाल्लं. वहिनी जाताना टेबल मला देताहेत. मुसफ्फाच्या फ्लॅटमध्ये ते मावेल का, हे शुभा टेपने मोजते आहे. तुमचं पान मी दुरुस्त केलं, शेवटची ओळ खोडून नवी लिहिली, आणि फाईलमध्ये दहावं म्हणून लावलं. फाईल आता माझ्याकडे. जानेवारीत दहा पानं लिहावी लागतील. माझं मला लिहिता येणार नाही, ते रेवाला सांगितलं आहे.

आज शुक्रवार. सीझन परवा सुरू होतो. सगळ्यांचे गुण शून्य आहेत, नावं अक्षरांप्रमाणे लागली आहेत.

तुमची टीम पहिली. पैलवान उभा केला आहे. कॅचर तिघेही ठणठणीत, दोघांना बसवलं आहे. लेले माझ्याकडे, रजेवर.

हरकत असल्यास कळवा.